सुवर्ण बिल्लेधारी

चौथीत असताना शाळेच्या मंत्रिमंडळात मी स्वच्छतामंत्री होतो. पुठ्ठ्याचा बिल्ला, मागे टाचणी, आणि त्या टाचणीने नव्या शर्टाला पाडलेल्या भोकाबद्दल घरी खाल्लेला मार, एवढीच माझी राजकीय कारकीर्द. त्यानंतर थेट वयाच्या 47व्या वर्षी, ठाण्याच्या माजिवड्यातल्या एका काचेच्या इमारतीत, मला दुसरा बिल्ला मिळाला. हा सोन्याचा होता. म्हणजे सोनेरी. तोही स्क्रीनवर.

विषय होता डिजिटल सुगम्यता. ऑफिसात कुणी सुगम्यता म्हणत नाही, ॲक्सेसिबिलिटी म्हणतात. जाणकार मंडळी तर ‘ए-इलेव्हन-वाय’ लिहितात, कारण इंग्रजी शब्दात ए आणि वाय यांच्या मधे 11 अक्षरं आहेत. सगळ्यांना कळावं म्हणून जन्मलेल्या विषयाचं नावच कुणाला कळू नये, ही सोय मला पहिल्या दिवसापासून आवडली.

झालं असं, की 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगितलं होतं, आणि त्यांना ते शक्यच नव्हतं. दृष्टिहीन वकील अमर जैन यांचीही याचिका सोबत होती. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि 20 निर्देश दिले. दिव्यांग हक्कांचा कायदा तसा 2016चा. पण आमच्या एचआरला कायदा आठवतो तो निकाल लागल्यावर. लगेच योजना निघाली: धडे पाहा, परीक्षा द्या, कांस्य, रौप्य, सुवर्ण बिल्ले मिळवा. ज्या विभागाचे बिल्ले जास्त, त्याला पिझ्झा.

मी बाळकुमला राहतो. ऑफिस हाकेच्या अंतरावर, पण मधे माजिवडा नाका. उड्डाणपूल, घोडबंदरकडे वळणारे ट्रक, मेट्रोचं काम. कांस्य आणि रौप्य हे दोन्ही बिल्ले मी त्या कोंडीत, रिक्षात बसून मिळवले. इयरफोन घरी विसरलो होतो, म्हणून व्हिडिओखाली येणाऱ्या ओळी वाचून काम भागवलं. तो धडा त्या ओळींचाच होता, हे माझ्या लक्षातही आलं नाही. परीक्षेचं गमक मात्र मला शाळेपासून ठाऊक: पर्यायांत ‘वरीलपैकी सर्व’ असेल, तर तेच बरोबर.

सोनेरी बिल्ला मी मेलच्या खाली, नावाशेजारी डकवला. व्हिव्हियाना मॉलवरून जाताना (नाव बदललं असलं तरी रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून तेच आहे) मी बायकोला मानभावीपणे सांगू लागलो, की दृष्टिहीनांची सोय व्हावी म्हणून या मॉलने झेवियर्स कॉलेजच्या केंद्राची मदत घेतली होती. ती म्हणाली, “मग तू कुणाची घेतलीस?”

उत्तर सुचेपर्यंत एचआरचा मेल आला: आपल्या मजल्यावर एका कर्मचाऱ्याचं प्रशिक्षण अपूर्ण आहे, तरी सुवर्ण बिल्लेधाऱ्याने मार्गदर्शन करावे.

त्या कर्मचारी म्हणजे अकाउंट्समधल्या मॅडम. जन्मापासून दृष्टिहीन. डोंबिवलीहून लोकलने ठाणे, तिथून बसने माजिवडा, आणि तरी रोज माझ्याआधी हजर. त्यांच्यासाठी मी रात्र जागून नऊ पानांची मराठी पुस्तिका केली. कृतिदेव फॉन्टमध्ये, कारण 1998 साली टायपिंगच्या क्लासात माझी बोटं त्यावरच बसली आणि तिथून उठलीच नाहीत.

मॅडमच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आहे. पडद्यावरचं वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने 2006 मध्ये सुरू केलं. फुकट मिळतं. मॅडमनी पुस्तिका उघडली. घशात माशाचा काटा अडकल्यासारखा आवाज आला.

“सर, कुठली भाषा?”

“मराठी! ‘नमस्कार’ लिहिलंय.”

त्यांनी बाणाचं बटण दाबत एकेक अक्षर ऐकवलं: “यू. ई. कॅप एल. डी. के. जे.”

कृतिदेवचं हेच बिंग आहे. दिसायला देवनागरी, पोटात इंग्रजी की-बोर्डची अक्षरं. डोळ्यांना ‘नमस्कार’, यंत्राला ‘यूईएलडीकेजे’. अख्खी नऊ पानं मी मॅडमना तीच शिवीगाळ करत होतो.

“युनिकोडमध्ये करा सर,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आणि एक विचारू का? तुमच्या प्रत्येक मेलखाली हल्ली ‘ग्राफिक, इमेज झीरो झीरो वन डॉट पीएनजी’ असं येतं. ते काय असतं?”

माझा सोनेरी बिल्ला! चित्राला पर्यायी मजकूर द्यावा, हा दुसऱ्या धड्यातला पहिला मुद्दा. ‘दीवार’मधल्या अमिताभच्या बिल्ल्यावर 786 होता, माझ्या नशिबी झीरो झीरो वन. तोंड लपवायला मी त्यांच्या स्क्रीनवर वाकलो, आणि चष्मा टेबलावर राहिल्याने मलाही तो बिल्ला वाचता येईना. पांढऱ्यावर सोनेरी अक्षरं. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान साडेचारास एक हवा, याचा बरोबर पर्याय मी परीक्षेत निवडला होता. बहुधा ‘वरीलपैकी सर्व’मध्ये.

“पण मॅडम, तुमचं प्रशिक्षण अडलंय कुठे?”

“तिसऱ्या धड्यात. जोड्या लावा आहे. माउसने ओढून लावायच्या. मी की-बोर्डवर काम करते, तिथे बाणाने काहीच हलत नाही. एचआरला तीनदा कळवलं. उत्तर आलं, सुवर्ण बिल्लेधारी येतील.”

मी खुर्ची ओढली. माउस हातात घेतला. डावीकडचे शब्द मी वाचायचे, उजवीकडचं उत्तर त्या सांगायच्या, मी ओढत न्यायचं. पूर्ण माजिवड्यात त्या क्षणी माझ्याइतका उपयुक्त उंदीर दुसरा नसेल. 10 पैकी 10 आले. मला पहिल्या खेपेला 6 होते, हे मी सांगितलं नाही. पण त्यांनी विचारलंच, म्हणून 8 सांगितले.

अभिनंदनाचा मेल लगेच आला. मॅडमनी एंटर दाबलं. एनव्हीडीएने घसा साफ केल्यासारखं केलं आणि खणखणीत आवाजात वाचलं: “ग्राफिक. इमेज झीरो झीरो वन डॉट पीएनजी.”