रा. रा. पेमेंट गेटवे यांस अनावृत पत्र

प्रति,
रा. रा. पेमेंट गेटवे,
मुक्काम : बँक आणि वीज कंपनी यांच्या मध्ये कुठेतरी.

विषय : माझ्या वीजबिलाचे 2,340 रुपये आणि त्यांचा आपल्याकडचा पाहुणचार.

महोदय,

साष्टांग नमस्कार. आपली ओळख इतक्या उशिरा व्हावी याचं वाईट वाटतं. वीज, पाणी, गॅस, टेलिफोन, घरपट्टी असं सगळं मी वर्षानुवर्षं घरच्या संगणकावरून भरत आलो. माझी भाबडी समजूत अशी, की पैसे माझ्या बँकेतून निघतात आणि थेट कंपनीत जाऊन बसतात. मध्ये कुणाचा मुक्काम आहे हे ठाऊकच नव्हतं. ते कळलं या वेळी. बँकेतली मुलगी म्हणाली, "काका, आमच्याकडून पैसे गेलेत, आता गेटवेकडे बघावं लागेल." वीज कंपनीच्या खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "गेटवेकडून फाईल आलेली नाही." दोघांच्याही तोंडी आपलं नाव, आणि आपला पत्ता दोघांनाही माहीत नाही. म्हणून हे पत्र असं चव्हाट्यावर लिहितो आहे.

काय घडलं ते आपल्याला माहीत आहे. खरं तर फक्त आपल्यालाच माहीत आहे. तरी बाकीच्यांसाठी सांगतो. बिलाची मुदत संपायच्या आत मी संगणकापुढे बसलो. ग्राहक क्रमांक घातला. वाकडीतिकडी अक्षरं ओळखून आपण माणूस असल्याचा दाखला दिला. कार्डाचे सोळा आकडे घातले, ओटीपी घातला. तत्क्षणी मोबाइल वाजला : खात्यातून 2,340 रुपये वजा. या एका बाबतीत आपल्या सर्वांचं कौतुकच करायला हवं. पैसे माझ्याकडून जायचे असतात तेव्हा कुणाचाच सर्व्हर झोपलेला नसतो.

मग आपलं पान आलं. गोल फिरणारी चकती आणि खाली तंबी : बॅक दाबू नका, रिफ्रेश करू नका, खिडकी बंद करू नका. मी आज्ञाधारक माणूस. हात मांडीवर घेऊन बसून राहिलो. बायको चहा घेऊन आली तर तिलाही म्हटलं, टेबलाला धक्का लावू नकोस. चकती फिरत राहिली. मग पान पांढरं झालं आणि त्यावर एकच ओळ उमटली, सेशन संपल्याची. पावती नाही, व्यवहाराचा क्रमांक नाही. वीज कंपनीच्या पानावर बिल होतं तसंच, लाल अक्षरांत, न भरलेलं. आणि 'मागील व्यवहार' या सदरात एक पिवळा ठिपका : प्रलंबित.

त्या पिवळ्या ठिपक्याबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे. बाकी किरकोळ तक्रारी आहेत, त्या सोडून देतो. दर काही महिन्यांनी पासवर्ड बदला, पण जुना नको, सोपा नको आणि लिहून तर अजिबात ठेवू नका, हे सोसलं. बिल भरण्याच्या सोयीबद्दल सुविधा शुल्क आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी, हेही सोसलं. मदतीच्या चौकटीत "मी आपली काय मदत करू?" विचारणारा यंत्रमानव मी काहीही लिहिलं तरी "नवीन जोडणी, नावात बदल, मीटर तक्रार" एवढंच म्हणत राहिला, त्यालाही माफ केलं.

पण महोदय, माझी उभी नोकरी बँकेत गेली, आणि बरीचशी काउंटरच्या आतल्या बाजूला. तिथलं सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. रांगा होत्या, खेकसणं होतं, ऐन गर्दीत जेवणाची सुट्टीही होती. पण एक गोष्ट होती. पैसे घेणारा हात आणि शिक्का मारणारा हात एकाच माणसाचे असत. स्लिपच्या तुकड्यावर शिक्का पडला की ग्राहक सुटला. त्यानंतर नोट हरवली, स्क्रोलला नोंद करायची राहिली, तर ती माझी डोकेदुखी. संध्याकाळी टॅली लागली नाही की शाखेतलं कुणी घरी जात नसे. ज्याचे पैसे होते तो मात्र घरी जेवत बसलेला असे, आणि आमच्याकडे काय चाललंय याचा त्याला पत्ताही नसे. असायचं कारणच नव्हतं.

आपण ही व्यवस्था सुधारलीत. पैसे कापतो एक, धरून ठेवतो दुसरा, पावती देतो तिसरा. पहिल्याचं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. तिसऱ्याचं होईल तेव्हा होतं. आणि या मधल्या काळात टॅली न लागल्याचा दोष ज्याच्या कपाळी बसतो तो मी, ज्यानं सांगितलेलं सगळं केलं आणि चहाच्या कपालाही टेबलाला टेकू दिलं नाही. लग्न जुळवणारा मध्यस्थसुद्धा बोलणी फिसकटली की दोन्ही घरी जाऊन तोंड दाखवतो. आपण तेही करत नाही.

आपल्यासाठी नियम नाहीत असं नाही. रिझर्व्ह बँकेनं ते मार्च 2020 मध्ये काढले. त्यात पैसे प्रत्यक्ष हाताळणारे ते ॲग्रिगेटर आणि नुसती तांत्रिक वाट पुरवणारे ते गेटवे, असा भेद केलेला आहे. खिडकीवरचे लोक दोघांनाही गेटवेच म्हणतात, तेव्हा मीही म्हणतो. पैसे हाताळणाऱ्यानं ते शेड्यूल्ड बँकेतल्या एस्क्रो खात्यात ठेवायचे आणि तक्रारींसाठी अधिकारी नेमून त्याचा तपशील आपल्या वेबसाइटवर द्यायचा, असंही त्यात आहे. छान आहे. फक्त ती वेबसाइट शोधायला आपलं नाव हवं, आणि आपलं नाव ज्या पानावर होतं त्या पानाचं सेशन संपलेलं होतं.

त्याआधीचं, 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक तर मला फारच आवडलं. कार्डानं ऑनलाइन पैसे भरले, खात्यातून वजा झाले, पण समोरच्याला पोच मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता, स्वतःहून. हे मी बँकेतल्या त्या मुलीला वाचून दाखवलं. तिनं मन लावून ऐकलं आणि म्हणाली, "काका, पण तुमचा व्यवहार फेल झालेला नाही ना. तो पेंडिंग आहे."

काय डोकं आहे! फसला तर भरपाई, यशस्वी झाला तर पावती. म्हणून तो दोन्ही होऊ द्यायचा नाही. आमच्या बँकेतही धनी न सापडलेले पैसे सस्पेन्स खात्यात जायचे. पण ऑडिटर आला की त्याचं पहिलं बोट सस्पेन्सवर पडायचं आणि मॅनेजरला घाम फुटायचा. आपल्याकडे घाम मला फुटतो.

आता उलट बाजू पाहा. माझा चेक पैशांअभावी वटला नाही, तर 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली मला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुम्ही म्हणाल, चेक गेले, आता सगळं इलेक्ट्रॉनिक. त्याचीही तजवीज आहे. 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम 25 सांगतं, की खात्यात पुरेसे पैसे नसल्यानं माझं इलेक्ट्रॉनिक हस्तांतरण परत आलं तरी शिक्षा तीच, दोन वर्षांपर्यंत. माझ्याकडून पैसे पोहोचले नाहीत तर तुरुंग. तुमच्याकडून पोहोचले नाहीत तर दिवसाला शंभर रुपये, आणि पिवळा ठिपका असेल तर तेही नाहीत.

एवढ्यात वीज कंपनीचा एसएमएस आला, थकबाकी भरा नाही तर पुरवठा तोडू. मी तो आधी खोटाच समजलो, कारण "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा" असे भामट्यांचे संदेश 2022 पासून घरोघरी येऊन गेलेले आहेत. इथे भामट्याची थोडी बाजू घेतो. तो नाव सांगतो, नंबर देतो आणि मुख्य म्हणजे फोन उचलतो.

आणि मग एका सकाळी वायरमन आला.

इथे मला थट्टा सुचत नाही. खाली मीटरच्या पेट्यांपाशी तो पक्कड घेऊन उभा, हातात यादी, यादीत माझं नाव. समोरच्या वहिनी दूध घेऊन येत होत्या, त्या थांबल्या. वरच्या मजल्यावरचा मुलगा शाळेला निघाला होता, तो थांबला. मी बँकेचा मेसेज दाखवतोय, पासबुकाचं पान दाखवतोय, आणि तो म्हणतोय, "काका, माझ्या लिस्टला अनपेड आहे." मी आयुष्यात कुणाचे पैसे बुडवले नाहीत. वाण्याची वही महिनाअखेर कोरी केली. दुसऱ्यांच्या पैशाला पै-पैचा हिशेब दिला. आणि माझ्या दारात, चार लोकांदेखत, माझी वीज तोडायला माणूस येतो? पैसे भरले होते मी! तुमच्याकडे होते ते! तुम्हाला माहीत होतं! साऱ्या जगात एक तुम्हालाच माहीत होतं, आणि तुम्ही गप्प बसलात. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 56 वीज तोडण्याआधी लेखी नोटीस देऊन पूर्ण पंधरा दिवस थांबायला सांगतं. ते पंधरा दिवसही तुमच्या त्या चकतीनंच खाल्ले.

वायरमन भला निघाला. म्हणाला, "आत्ता जाऊन रोख भरून टाका, मी दुपारपर्यंत इकडं फिरकत नाही." गेलो. त्याच कलम 56 मध्ये सोय आहे, की वाद असेल तर हरकत नोंदवून पैसे भरता येतात आणि वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. खिडकीवर म्हटलं, हे हरकतीसह भरतोय, तसं लिहा. ते म्हणाले, "लिहायला जागा नाही, सिस्टिम घेत नाही." विलंब आकार मात्र सिस्टिमनं घेतला. पण पावती? पैसे आत गेले आणि पावती बाहेर आली. एकाच खिडकीतून, एकाच माणसाच्या हातून. ती पावती मी सही-शिक्क्यासकट दोनदा वाचली.

पुढे कधीतरी तुमचा पिवळा ठिपका हिरवा झाला. ना फोन, ना माफी. मी शंभर रुपये रोजाची आठवण करून दिली तेव्हा उत्तर आलं, की व्यवहार यशस्वी झाला असल्यानं भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही, आणि जादा रक्कम पुढील बिलांत वळती केली जाईल.

राग आहेच. पण त्या हिरव्या ठिपक्याकडे पाहताना एक विचार डोक्यातून जाईना. तो आपोआप हिरवा झाला असं मला वाटत नाही. तुमच्याकडेही कुणीतरी बसलेलं असणार. कंत्राटी असेल, रात्रपाळीला असेल. एका बाजूला बँकेची यादी, दुसऱ्या बाजूला कंपनीची, आणि मध्ये 2,340 चा फरक. आम्ही असा फरक आला की आधी नऊनं भागून पाहायचो. दोन आकड्यांची अदलाबदल झाली असेल तर फरकाला नऊनं नेमका भाग जातो. 2,340 ला जातो, 260 वेळा. तोही कदाचित या वाटेनं गेला असेल, सगळे आकडे सरळ-उलटे करून पाहिले असतील आणि काहीच सापडलं नसेल, कारण चूक आकड्यात नव्हतीच, एक ओळ फाईलमध्ये चढलीच नव्हती. अशा रात्री मी काढल्या आहेत. टॅली लागल्यावर उत्तररात्री जो चहा पितात त्याची चव मला माहीत आहे. त्या पोराला किंवा पोरीला माझा नमस्कार सांगा. त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांना बाहेर फोन करायची परवानगी द्या, एवढंच. "काका, पैसे आमच्याकडे आहेत, बिल भरल्यासारखंच समजा," एवढं एक वाक्य कंपनीला आणि मला कळवायला किती खर्च येतो? हवं तर सुविधा शुल्कात धरा. त्यावर जीएसटीही देतो.

सध्याची स्थिती अशी. या महिन्याचं बिल उणे आलं आहे, म्हणजे कंपनीच मला देणं लागते. आपल्या पानावर मात्र त्या उणे रकमेखाली 'आता भरा' हे बटण नेहमीसारखं चमकतं आहे आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं आहे, सुविधा शुल्क लागू. मी ते दाबलेलं नाही.

कळावे. लोभ असावा असं म्हणत नाही, तोही आपल्याकडे प्रलंबित राहायचा.

आपला,
एक ग्राहक
(क्रमांक आपल्याकडे असेलच, फाईल आली असेल तर.)