इंजिनांतर : एक शास्त्रीय विवेचन

जुन्या फोर बाय फोर जीपमध्ये, म्हणजे ज्या गाडीत इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांबरोबर पुढच्या दोन चाकांनाही देता येते अशा गाडीत, नव्या पिढीचे इंजिन बसवण्याच्या क्रियेस प्रस्तुत विवेचनात 'इंजिनांतर' असे म्हटले आहे. देहांतर, धर्मांतर आणि पक्षांतर या विषयांवर मराठीत विपुल लेखन झाले असताना इंजिनांतर मात्र आजवर गॅरेजच्या मौखिक परंपरेतच राहिले, आणि त्या परंपरेचे आचार्य बहुधा गाडीखाली आडवे असल्याने त्यांच्याशी समोरासमोर शास्त्रार्थ करणे विद्वानांना शक्य झाले नाही.

या शास्त्राच्या अभ्यासासाठी उमरखेडइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. हे तालुक्याचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात, मोडते. लोकसभेचे मत मात्र ते मराठवाड्यातील हिंगोली मतदारसंघात टाकते. तेथील गाड्यांवर यवतमाळचा एमएच २९ हा क्रमांक असतो, पण पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो आणि नांदेड शहर स्वतःच्या जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा जवळ पडते. चेसिस एकीकडची आणि इंजिन दुसरीकडचे असूनही गाडी चालू शकते, हे सिद्ध करण्यासाठी येथील नागरिकांस गॅरेजात जाण्याची गरज नाही.

गरज पडते ती पावसाळ्यात. मृगाच्या दोन दमदार पावसांनंतर काळी कापसाची माती पाणी पिऊन फुगते, आणि पांदणीत, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या वाटेत, दोन चाकांच्या जोरावर चालणारी गाडी जिथल्या तिथे बसते. अशा वाटा पक्क्या व्हाव्यात म्हणून राज्य सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना' जाहीर केली. योजनेचे नाव काही पांदणींपेक्षा लांब असल्याने फलक उभारण्यासाठी आधी वाट रुंद करावी लागेल काय, अशी शंका अभ्यासकांनी उपस्थित केली आहे. तिचे निरसन होईपर्यंत जुन्या जीपला पर्याय नाही, आणि जुन्या जीपचे जुने इंजिन धूर व खर्च या दोहोंचे उत्पादन सारख्याच निष्ठेने करीत असल्याने इंजिनांतरालाही नाही.

इंजिनांतराचा जन्म गॅरेजात झाला हा समज मात्र साफ चुकीचा आहे. आद्य इंजिनांतर खुद्द उत्पादकाने केले. महिंद्र कंपनीने विलीज जीप मुंबईत माझगाव येथे जोडण्यास प्रारंभ केला तेव्हा तिच्यात सुमारे २,२०० सीसीचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन होते. पुढे इंटरनॅशनल या नावाने ओळखले जाणारे, ट्रॅक्टरच्या घराण्यातील डिझेल इंजिन आले. १९८० च्या दशकात इगतपुरीच्या कारखान्यात तयार होणारे, मूळ फ्रेंच पेजो कंपनीचे २,११२ सीसीचे डिझेल इंजिन एमएम ५४० या जीपमध्ये विराजमान झाले. त्यानंतर २,५२३ सीसीचे 'डीआय' आले, म्हणजे सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणारे. आणि २०१० मध्ये बाजारात आलेल्या थारच्या एका प्रकारात हे डीआय, तर दुसऱ्यात १०५ अश्वशक्तीचे सीआरडीई, म्हणजे सर्व सिलिंडरांना एकाच उच्चदाबाच्या नळीतून इंधन पुरवणारे आणि ते केव्हा व किती द्यायचे याचा निर्णय संगणकावर सोपवणारे इंजिन, दिले गेले. इतकी स्थित्यंतरे होऊनही वरच्या पत्र्याचा तोंडवळा दुसऱ्या महायुद्धातलाच राहिला. कारखान्याने इंजिन बदलले की त्यास नवे मॉडेल म्हणतात आणि त्याची जाहिरात निघते. मेस्त्रीने बदलले की त्यास बेकायदा फेरफार म्हणतात आणि त्याची पावती फाटते. ज्ञानाच्या क्षेत्रात अधिकारभेद असतो तो असा.

प्रत्यक्ष क्रिया वरवर पाहता सोपी दिसते, कारण साखळी-कप्पीने जुने इंजिन उचलावे आणि त्या जागी नवे उतरवावे एवढाच तिचा सारांश गिऱ्हाइकास सांगितला जातो. भंगारातून आलेले सीआरडीई इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जुळत नाही. म्हणून दोहोंमध्ये अडॅप्टर प्लेट, म्हणजे दोन्हीकडची भोके जुळवणारी जाड लोखंडी चकती, लेथवर घडवावी लागते, आणि तिचे केंद्र केसभर जरी चुकले तरी क्लच व बेअरिंग त्याचा सूड महिनाभरात उगवतात. नवे इंजिन बसले की त्याचा चेंबर, म्हणजे तळाची ऑइलची टाकी, पुढच्या अ‍ॅक्सलवर आदळतो, कारण फोर बाय फोर गाडीत पुढेही अ‍ॅक्सल असतो ही गोष्ट इंजिन खरेदी करताना उत्साहाच्या भरात विसरली जाते. पेट्रोल इंजिन स्वतःच्या श्वासातून निर्वात दाब तयार करते आणि ब्रेकचा बूस्टर त्यावर चालतो. डिझेल इंजिन तसे करीत नाही, त्यामुळे निराळा व्हॅक्यूम पंप न लावल्यास ताकद वाढलेली आणि थांबण्याची शक्ती घटलेली अशी गाडी सिद्ध होते, जी काही काळ मालकास फार आवडते. जुन्या पेट्रोल जीपच्या डिफरन्शियलचे प्रमाण ५.३८ असते, म्हणजे चाक एकदा फिरण्यासाठी शाफ्टला पाचाहून अधिक फेरे घ्यावे लागतात. वेगाने फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनाला ते मानवते, पण संथ डिझेलचा त्यामुळे नागपूर-तुळजापूर महामार्गावर मध्यम वेगातच आक्रोश सुरू होतो. म्हणून डिफरन्शियल बदलावे लागते, आणि नव्या इंजिनाचा पीळ पेजोच्या दुपटीच्या आसपास असल्याने पुढचे-मागचे शाफ्टही. शेवटी वायरिंग उरते, ज्यात चावीतील सांकेतिक खूण न पटल्यास संगणक गाडी सुरूच करीत नाही आणि मालकालाच चोर ठरवतो. या साऱ्या साखळीच्या अंती मूळ जीपचा जो भाग शिल्लक राहतो, तो म्हणजे चेसिस क्रमांक.

येथून शास्त्राचा प्रांत संपतो आणि कायद्याचा सुरू होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील, म्हणजे बोलीतील आर.सी. बुकातील, तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा फेरफार कोणत्याही मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातील एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे सांगितला, आणि २०१९ च्याच दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार प्रत्येक बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मंजूर संच वापरून गाडी सीएनजीवर किंवा बॅटरीवर नेण्यास मुभा आहे. पण एक डिझेल काढून त्याहून जोमदार डिझेल बसवण्यात पर्यावरणाचे काही भले होत नसल्याने त्यास सहानुभूती नाही, आणि हे तर्काला धरूनच आहे.

तर्काची खरी उंची कलम ५२ च्याच पोटकलम (२) मध्ये आढळते. ज्याच्या मालकीची किमान दहा परिवहन वाहने, म्हणजे मुख्यतः माल वा प्रवासी वाहतुकीची वाहने, आहेत, अशास नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी न घेता त्याच बनावटीचे व प्रकाराचे इंजिन बसवण्याची परवानगी राज्य सरकार अधिसूचनेद्वारे देऊ शकते. एकट्या जीपवाल्याने मात्र आधी अर्ज करायचा. एकट्याने केला तर फेरफार आणि घाऊक केला तर व्यवस्था, हे तत्त्व वाचकांस कोठेतरी भेटल्यासारखे वाटत असेल, तर त्याचे कारण उघड आहे: घटनेच्या ज्या दुरुस्तीने १९८५ मध्ये पक्षांतरबंदी आणली तिचाही क्रमांक ५२ आहे. त्या दुरुस्तीने जोडलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार एकटा आमदार पक्ष सोडेल तर अपात्र ठरतो, आणि दोन तृतीयांश सदस्य मिळून विलीनीकरण करतील तर वाचतात. पूर्वी एक तृतीयांशाची 'फूट'ही चालत असे, ती सवलत २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने काढून टाकली, म्हणजे घाऊकपणाची किमान मर्यादा वाढवली.

दोन्ही ५२ मधील भेद कालमर्यादेचा आहे. मंजुरीविना जीपचे इंजिन बदलले तर मालकास चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावे लागते. विधानसभेच्या अध्यक्षांनी अपात्रतेचा निर्णय किती दिवसांत द्यावा, हे दहाव्या परिशिष्टात लिहिलेले नाही. जून २०२२ मध्ये शिवसेनेत झालेल्या फुटीवरील निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला आणि त्यात दोन्ही गटांपैकी कोणीही अपात्र ठरले नाही. तत्पूर्वी १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह एका गटास दिले होते. परिवहनाच्या परिभाषेत सांगायचे तर चेसिस क्रमांक आणि पाटी कोणाची हे आधी ठरले, इंजिनाची तपासणी नंतर झाली, आणि तोवर गाडी रस्त्यावरच होती. उमरखेडच्या एखाद्या जीपधारकाने हा क्रम अवलंबण्याचा प्रयत्न केल्यास त्याची जीप पोलीस ठाण्याच्या आवारात बाभळीखाली उभी राहील.

राजकारणातील 'डबल इंजिन' आणि जुलै २०२३ पासून 'ट्रिपल इंजिन' सरकार हे शब्दप्रयोग यांत्रिकीच्या अंगाने तपासणे अगत्याचे होते. परंतु एका गाडीत तीन इंजिने बसवल्यावर गिअर कोणाच्या हाती असतो, हा प्रश्न गॅरेजात विचारला असता तो विषयांतर ठरवण्यात आला.

सरकारी वाहनांबाबत शासनाने स्वतःला वेगळा नियम लावला आहे. लष्करी व विशेष कामाची काही वाहने वगळता पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू राहत नाही, म्हणजे तेथे इंजिनांतराचा प्रश्नच उद्भवत नाही, सबंध गाडीच नवी घेतली जाते. खासगी जीपला मात्र पंधरा वर्षांनंतर योग्यता तपासणी करून पाच-पाच वर्षांचे आयुष्य मागून घेता येते, आणि त्या तपासणीत निरीक्षक आर.सी. बुकातील इंजिन क्रमांक ब्लॉकवरील कोरीव अंकांशी ताडून पाहतो.

तेव्हा उमरखेड परिसरातील जीपधारकांनी पुढीलप्रमाणे वागावे हे उत्तम. गाडी एकच असेल तर मूळ बनावटीचे व प्रकाराचेच इंजिन शोधावे, त्याची खरेदी पावती जपावी, गाडीवर कर्ज असल्यास ते देणाऱ्याची लेखी संमती घ्यावी आणि मेस्त्रीकडे जाण्याआधी यवतमाळच्या परिवहन कार्यालयात अर्ज करावा. परिवहन वाहने दहा असतील तर अधिसूचनेची वाट पाहावी. आणि आमदार दोन तृतीयांश असतील, तर कलम ५२ वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत.