घर पाहावं भाड्यानं देऊन

कायदा हाती आला की अर्थशास्त्रज्ञाला एक खोडसाळ प्रश्न सुचतो. ‘कायद्याचा हेतू थोर आहे, मान्य. पण तो ऐकून लोक काय करतील?’ याच वळणाचा विचार करणाऱ्या शिकागोच्या रोनाल्ड कोस आणि गॅरी बेकर यांना १९९१ आणि १९९२ मध्ये लागोपाठ नोबेल मिळालं. गिरगावातल्या घरमालकांना आणि भाडेकरूंना हे शास्त्र त्याआधीच तोंडपाठ होतं. त्यांना कुणी विचारलं नाही, एवढंच.

१९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा मोठ्या कनवाळूपणानं केलेला. युद्धानं शहर माणसांनी फुगलेलं, जागांची मारामार. तेव्हा जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. कायदा तात्पुरता होता. पण ‘दोन दिवसांसाठी’ आलेल्या पाहुण्यासारखा तो मुदतवाढ घेत पन्नास वर्षं राहिला.

आता मालकानं हिशेब मांडला. भाडं तेवढंच राहणार, तर गच्ची कशाला दुरुस्त करा? भाडेकरूनंही मांडला. एवढ्या भाड्यात दुसरीकडे संडासाबाहेरची रांगसुद्धा मिळणार नाही, तर खोली कशाला सोडा? मुलगा डोंबिवलीला राहायला गेला तरी भाडेपावती गिरगावातच राहिली. दोघांचे हिशेब बिनचूक होते. गळत राहिली ती गच्ची. अखेर गॅलऱ्यांना लाकडी टेकू लागले, आणि १९६९ मध्ये सरकारनं उपकर बसवून दुरुस्तीसाठी वेगळं मंडळ काढलं. एका कायद्याच्या गळतीखाली दुसऱ्या कायद्याची बादली!

भाड्याला वाट मिळेना, तेव्हा पैशानं पागडीची, म्हणजे जागा देताना एकरकमी घेतल्या जाणाऱ्या रकमेची, वाट शोधली. ती घेणं कायद्यानं गुन्हा होता. पण कुणाची पागडी किती, हे अख्ख्या चाळीला माहीत असे. खोली हातोहात बदलताना मालकाचा वाटाही ठरलेला. बाजाराला पुढच्या दारानं हाकललं की तो मागच्या दारानं येतो, आणि येताना पावती आणत नाही.

कायद्यातली १९७३ ची दुरुस्ती तर मला फार आवडते. त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे भाडेकरू म्हणून नव्हे, तर लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर राहत होते, त्यांना एका फटक्यात संरक्षित भाडेकरू केलं. त्यांच्या घरी पेढे वाटले गेले असतील. उरलेल्या मालकांनी मात्र धडा घेऊन रिकाम्या फ्लॅटला कुलूप घातलं.

म्हणून कायदा नकोच होता, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पेन्शनीत निघालेल्या मास्तरांना आणि गिरणीकामगाराला त्यानंच छप्पर टिकवून दिलं, आणि हे कोष्टकात सहसा येत नाही. पण आत असलेल्याला राखण्याचं बिल भरलं बाहेर उभ्या असलेल्या, नव्यानं मुंबईत आलेल्या माणसानं. तो मतदारयादीत नव्हता, मोर्चात नव्हता, त्यामुळे त्याचं गाऱ्हाणं विधिमंडळात पोचलंच नाही.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोठलेल्या भाड्याची तरतूद आता अवाजवी झाल्याचं सांगितलं. पण कायद्याची मुदत संपतच आली होती, म्हणून ती रद्द केली नाही. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला. त्यानं पागडीला राजमान्यता दिली आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभाही. महिना ऐंशी रुपये भाडं असेल, तर वाढ होते तीन रुपये वीस पैसे.