उलट्या टार्टचे कार्यकारी अभियंते

सरकारी खात्यातून निवृत्त झालेला मराठी गृहस्थ पूर्वी होमिओपॅथीकडे वळायचा, नाहीतर सोसायटीच्या चिटणीसपदाकडे. अलीकडे तिसरी वाट निघाली आहे ती ओव्हनची. लेक-जावई फ्रान्सात, तिथे दोन-तीन महिने मुक्काम, आणि परतल्यावर कोथरूडच्या ओट्यावर ‘तार्त तातँ’. आम्ही या मंडळींना ओव्हनकाका म्हणतो. सोसायटीत एक तरी असतोच. आमच्याकडे दोन आहेत आणि ते एकमेकांच्या घरचं खात नाहीत.

पदार्थ तसा साधा. तळाशी साखर आणि बटर, त्यात सफरचंदाच्या जाड फोडी, वर मैद्याची पोळी. भाजून झालं की सगळं ताटात उलटं करायचं, म्हणजे पोळी खाली जाते आणि कॅरॅमलमध्ये मुरलेली फळं वर येतात. पण त्यामागची गोष्ट सांगून झाल्याशिवाय काका सुरी हातात देत नाहीत. ऑर्लेआँच्या दक्षिणेला सोलोन्य नावाचा जंगलांचा, तळ्यांचा मुलूख. त्यात लामोत-बव्रों हे गाव. स्टेशनासमोर स्तेफानी आणि कारोलीन या तातँ बहिणींचं हॉटेल. एकोणिसाव्या शतकाची अखेर, शिकारीचा मोसम, गिऱ्हाइकांची झुंबड. गडबडीत स्तेफानीबाई खालची पोळी घालायची विसरल्या, सफरचंदं लोणी-साखरेत लागायला आली, म्हणून त्यांनी पोळी वरून झाकली, भट्टीत सारली आणि उलटून वाढली. शिकाऱ्यांची संख्या काका दर वेळी वाढवतात.

वास्तविक फळं खाली अन् पीठ वर असले टार्ट त्या भागात या बहिणींच्या आधीपासून होत होते. पॅरिसात त्याचा बोलबाला झाला तो 1920 च्या दशकात, क्युर्नोन्स्की या खवय्या लेखकाने उचलून धरल्यावर. तोवर दोघी बहिणी हयातही नव्हत्या. हे कोणी काढलंच तर काका “रेकॉर्डला तसं काही नाही” म्हणून पुढे सरकतात. त्यांचंही बरोबर आहे. पाटबंधारे खात्यात 32 वर्षं काढलेल्या माणसाला, चुकून का होईना, एखादं काम चांगलं झालं ही कल्पनाच फार सुखावून जाते.

काका निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. ओट्याशेजारी मोजमाप पुस्तिका असते. तिच्यात सव्वा किलो सफरचंदं, 120 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम बिनमिठाचं बटर, सगळं तारीखवार. ओव्हनमध्ये पाणसळ ठेवून ते तळ समतल आहे का पाहतात. तो एका बाजूला कलला तर कॅरॅमल तिकडेच साचतं, हे खरंही आहे. भांडं म्हणजे काकूंचा घावनांचा बिडाचा खोलगट तवा. फ्रान्सात यासाठी तांब्याचे साचे मिळतात, पण त्यांची किंमत पाहून काकांना बिडाचे गुण आठवले.

फळबाजारात काकांना सगळे ओळखतात. हिमाचलचा माल ऑगस्टपासून गाड्यांवर दिसू लागतो. काका एकेक सफरचंद कानाशी धरून टिचकी मारतात. लालभडक रॉयल डिलिशस त्यांना चालत नाही, कारण शिजलं की त्याचा लगदा होतो. आंबटसर, कडक, फोड धरून ठेवणारं फळ हवं. मिळालं तर पिवळं गोल्डन. परवा फळवाला म्हणाला, “काका, खायला नेताय का परीक्षेला बसवायला?”

फोडी भांड्यात खचाखच उभ्या भरायच्या असतात. पाणी सुटलं की फळ आकसतं, आणि सैल भरलं असेल तर उलटल्यावर मधे खड्डे दिसतात. या एका कामात काका कंजुषी करत नाहीत. साखरेच्या बाबतीत मात्र ते थर्मामीटर लावून 170 अंशांची वाट पाहत बसतात. रंग तांबूस झाला, की ती कडू व्हायला क्षणाचाही उशीर करत नाही.

“अहो, उतरवा आता.”

“अगं, अजून चार अंश आहेत.”

वरची पोळी ते गार बटर घालून, घड्या घालून लाटतात. पापुद्रे सुटतात, खुसखुशीत होते. काकू चव घेऊन म्हणतात, “खारीच की ही.” त्यानंतर थोडा वेळ घरात शांतता असते.

खरा सोहळा उलटण्याचा. त्यासाठी साडेपाचला शेजारी बोलावलेले असतात. ओव्हनमधून काढल्याबरोबर उलटलं तर उकळतं कॅरॅमल मनगटावर येतं. पार गार होऊ दिलं तर फळं तळाला घट्ट धरून बसतात. म्हणून दहा-एक मिनिटं थांबायचं, आणि हीच दहा मिनिटं काकांची भाषणाची. मग कोपरापर्यंत हातमोजे, तव्यावर ताट, “सरका, सरका!” आणि एका झटक्यात सगळं पालथं. टाळ्या होतात. दोन फोडी तव्यातच राहिलेल्या असतात. त्या चमच्याने उचलून जागी बसवताना काका “किरकोळ दुरुस्ती” म्हणतात. ताटाबाहेर रस ओघळला तर “गळती अनुज्ञेय मर्यादेत.” आणि चव? चव फार चांगली असते, हे कबूल करायलाच हवं. म्हणून तर आम्ही भाषण ऐकतो.

हंगामाप्रमाणे फळं बदलतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला इतकं पाणी सुटलं की काकांना पूरनियंत्रणाचे दिवस आठवले. पुरंदरची अंजिरं अर्धी करून, चिरलेली बाजू खाली ठेवून लावली, ती सफरचंदाहूनही सरस उतरली. एप्रिलमध्ये हापूसवर नजर गेली, तेव्हा काकूंनी पेटीच उचलून शेजारी ठेवायला दिली. हापूस साखरेत शिजवणाऱ्या माणसाबद्दल माझं मतही फारसं वेगळं नाही.

पाहुणे गेले की तळाला काळं कॅरॅमल चिकटलेला तवा उरतो. काका पुस्तिकेत ‘काम समाधानकारक’ लिहून सही करतात आणि आरामखुर्चीत टेकतात.

“तवा कोण घासणार?” काकू विचारतात.

“देखभाल-दुरुस्ती वेगळ्या विभागाकडे असते.”

“त्या विभागातलं पद रिक्त आहे.”

काका उठतात. घासणी कुठे असते, ते मात्र त्यांना विचारावं लागतं.