सेवेला जागा पाहिजे

परतवाड्याच्या एनएसएसवाल्या पोरांनी उद्या स्वतःचं ‘सेवा भवन’ मागितलं, तर बिघडलं कुठं? १९६९ पासून ही राष्ट्रीय सेवा योजना दत्तक गावातल्या शाळेत सतरंजी टाकून झोपते. शिबिर सात दिवसांचं. उरलेलं वर्ष सेवेनं राहावं कोणाकडं? भवन झालं की अध्यक्ष येतील, कोषाध्यक्ष येतील, चावीवरून दोन गटही रीतसर पडतील. मग वर्षाचे १२० तास भरायला मेळघाटाकडं जायचं कामच नाही. भवनाची झाडलोट पुरून उरते बापा! राहता राहिले गाडगेबाबा. या पोरांच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव. गावोगावच्या माणसांसाठी धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी झोपडी नाही. हरकत नाही, दर्शनी भिंतीवर त्यांचा फोटो लावू. खराटा मात्र स्टोअररूममध्ये. पाहुण्यांसमोर बरा दिसत नाही.