सगळं नावानिशी

पंगतीत समोर ताट आलं की वाढप्याला थांबवून आधी ते उलटं करून बघणारी बाई तुमच्याही नात्यात असणारच. आमच्याकडे सासूबाई होत्या. कार्यालयाचं ताट, त्यावर कार्यालयाचं नाव, त्यात बघायचं काय? पण चष्मा कपाळावर चढवून त्या ते वाचायच्या आणि शेजारणीला सांगायच्या, "ठोक्याचं नाही, मशीनचं आहे." मगच मीठ वाढायला परवानगी.

भांड्यावर नाव घालणं हे पूर्वी पुण्यात घरोघरी चालायचं. तांबट आळीतून आणलेलं घंगाळ असो की जुन्या साड्या देऊन बोहारणीशी तासभर हुज्जत घालून मिळवलेलं स्टीलचं पातेलं, नाव हवंच. आधी छिन्नी-हातोडीने ठिपक्याठिपक्यांचं, नंतर घर्र करणाऱ्या मशीनचं. आईंचं प्रकरण मात्र हाताबाहेर गेलं होतं. किसणीवर नाव. चिमट्यावर नाव. इडलीपात्राच्या प्रत्येक थाळीवर नाव. एका झाकणावर तर 'मोठ्या पातेल्याचे' एवढंच कोरलेलं. ते मोठं पातेलं कोणतं, हे विचारायची आमची कोणाची छाती झाली नाही.

त्यात काटकसरही होती. दुकानदार अक्षरामागे पैसे घ्यायचा. मी माहेरची नीलांबरी. लग्नानंतर नाव बदलणार नाही, असं मी साखरपुड्यातच सांगितलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. वरात आली, उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं, पाय लावायला खाली बघते तर मापावर ठसठशीत 'सौ. उमा'. क्षणभर वाटलं, चुकून दुसऱ्याच घरात शिरतेय.

"नीलांबरीला चार अक्षरं लागतात," आई शांतपणे म्हणाल्या. "उमा दोनात भागतं."

रेशनकार्डावर, बँकेत, कुठेही मी उमा झाले नाही. पण डाळीचे डबे उमाचे, पोळ्यांचा डबा उमाचा, तुपाची लोटीही उमाचीच. माझ्या लेकीने लहानपणी एकदा विचारलं होतं, "आई, ही उमा कधी येणार?"

शेजारी चकल्या पाठवल्या की तिसऱ्या दिवशी फोन. "चकल्या कशा झाल्या" हे निमित्त. डबा कधी परत येतो, हा विषय. नातू शिकायला अमेरिकेला गेला तेव्हा लाडवांचा डबा बरोबर दिला. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर तो "आजी, इथे फार थंडी आहे" म्हणून सांगायला लागला. आजी म्हणाली, "आधी डबा दाखव. असा नाही, उलटा कर." त्या बिचाऱ्याने उलटा केला. आत दोन लाडू होते.

या खुळाचं मूळ विचारलं की उत्तर एकच, १२ जुलै १९६१. आई तेव्हा नव्या नवरी, नारायण पेठेत. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये घुसलं. लकडी पूल पाण्याखाली गेला, वाडे बसले. त्या पिढीतली माणसं पानशेतच्या गोष्टी सांगतात त्या चिखलाच्या, अंधाराच्या, एका लुगड्यानिशी बाहेर पडल्याच्या. आमच्या आई सांगायच्या ती परातीची. माहेरची पितळी परात पुरात गेली आणि काही महिन्यांनी दुसऱ्या पेठेतल्या एका घरी हळदीकुंकवाला गेल्या तर त्यांना ती स्वयंपाकघरात दिसली. "माझीच होती गं. काठाला पोचा होता, मी ओळखणार नाही? ती म्हणाली, पोचे सगळ्यांच्याच परातींना असतात. आता नाव कुठे होतं दाखवायला?" वाडा गेला, वर्षाचं धान्य गेलं, हे त्या बाजारहाटाचा हिशेब द्यावा तसं सांगायच्या. आवाज चढायचा तो परातीपाशी.

आम्ही सगळे हसायचो. मीही. एकदा मात्र घरात आम्ही दोघीच होतो आणि गोष्ट परातीपाशी संपली नाही. डाळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "भांडले असते तर मिळाली असती. पण तिचंही सगळं गेलं होतं. मळू दे म्हटलं कणीक." आणि लगेच, "तू तो शेजारचा डबा आणलास का?"

त्या गेल्यावर कपाट उघडलं. वाटणीत वाद व्हायला जागाच नव्हती. नणंदेचं नणंदेला, दिरांचं दिरांना, नातवंडांच्या बारशाच्या वाट्या तारखांसकट. कोणाची मुंज कोणत्या साली, हे आमच्या घरात अजूनही मांडणीवर बघूनच सांगतात. सगळ्यात खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नव्या कोऱ्या वाट्या निघाल्या. एक उलटी करून वाचली. 'कै. आईंच्या स्मरणार्थ, सून निलांबरीकडून. दि.' आणि पुढे रिकामी जागा. स्वतःच्या तेराव्याच्या वाट्या बाईंनी स्वतःच करून ठेवल्या होत्या!

माझं पूर्ण नाव त्या घरातल्या भांड्यावर पहिल्यांदाच. वाट्यांबरोबर बिलही होतं आणि त्यावर दुकानाचा शिक्का, 'दिवाळीनिमित्त नाव मोफत'. म्हणजे अक्षरं मोजावी लागत नव्हती म्हणून मी नीलांबरी झाले की आणखी कशामुळे, ते आता कोणाला विचारणार?

तारीख घालून घ्यायला मुलगा दुकानात निघाला होता, मी नको म्हटलं. तेराव्याला वाट्या तशाच वाटल्या. झाडून सगळ्यांनी हातात पडताक्षणी त्या उलट्या केल्या. नणंदेने तर खिडकीपाशी उजेडात नेऊन वाचली.

"वहिनी, नी दीर्घ हवा होता," ती म्हणाली. "फुकटच होतं, तर दीर्घ तरी घालून घ्यायचा."