शाल, श्रीफळ आणि शंका

एका विज्ञान परिषदेच्या निमंत्रणासोबत यंदा ‘सहभागींसाठी वर्तनाचे नियम’ असा दोन पानी कागद आला. बोलणाऱ्याला मध्येच तोडू नये. वय, जात, भाषा, पेहराव यांवरून शेरे मारू नयेत. न विचारता कुणाचा फोटो काढू नये. समोरच्याने ‘नको’ म्हटलं की त्याचा अर्थ ‘नको’ असाच घ्यावा. सणाला सासुरवाडीला गेलो तेव्हा कागद पिशवीतच होता. सासुरवाडी म्हणजे तुमसर तालुक्यातलं, आंबागडच्या पायथ्याचं गाव. मामाजींनी तो धानाचा हिशेब तपासावा तसा ओळीओळीवर बोट ठेवून वाचला आणि म्हणाले, “जवाईबापू, एवढ्या शिकल्या मान्साइले हे लिवून द्यावं लागते का जी?”

मी समोरच्या किल्ल्याकडे बोट करून विषय बदलायचा प्रयत्न केला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या काळात, 1700 च्या आसपास, त्याच्या राजा खान पठाण नावाच्या सरदाराने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. आतल्या विहिरीचं साचलेलं विषारी पाणी पाजून कैद्यांना संपवत, असं सांगतात. मामाजींनी विषय काही सोडला नाही. “राजाले नियम छापाची गरज नोहती,” ते म्हणाले. “त्याच्यापासी इहीर होती.”

विज्ञानाकडे विहीर नाही, म्हणून कागद लागतो. शिवाय आमच्याकडे आदराचा तुटवडा आहे असंही नाही. तो सगळा सकाळीच, मंचावर खर्च होतो. दीपप्रज्वलनाच्या वेळी समई पंख्याने विझते. मग पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पंख्याचं बटण शोधू लागतात. ते सापडेपर्यंत स्वागतगीत सुरू होतं. नंतर प्रत्येक पाहुण्याला शाल, श्रीफळ आणि रोपटं. शाल मे महिन्यातही असते. मग पाहुण्यांचा परिचय. तो त्यांनीच लिहून दिलेला असल्यामुळे ते स्वतः मोठ्या उत्सुकतेने ऐकतात. ‘मी फार वेळ घेणार नाही’ या वाक्याने सुरू झालेलं भाषण जेवणाच्या वेळेत शिरतं. आचारी दारातून दोनदा डोकावून जातो, तेव्हा कुठे आभारप्रदर्शन होतं.

मंचाने उधळलेला हा वेळ दुपारी वसूल होतो, आणि तो विद्यार्थ्यांकडून. निबंधवाचनाच्या पंधरा मिनिटांची सात होतात, सातांची चार. धानावरच्या तुडतुड्यांचा अभ्यास करणारी एखादी मुलगी अख्खा पावसाळा बांधीच्या चिखलात उभी राहून आलेली असते. तिची पहिली आकृती पडद्यावर येते न येते तोच अध्यक्ष घंटा वाजवतात. तोवर ते मोबाइलमध्ये असतात, पण घंटा अचूक वाजवतात.

मग मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ उठतात. “माझा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे.” निरीक्षण त्यांच्या जर्मनीच्या दौऱ्यापासून सुरू होतं आणि तुडतुड्यांपर्यंत पोचतच नाही. शेवटी, “बाळ, हे सगळं तू स्वतःच केलंस ना?” तिच्यानंतर निबंध वाचणाऱ्या मुलाला ते ‘बाळ’ म्हणत नाहीत आणि हा प्रश्नही विचारत नाहीत.

बाईने विज्ञानात कसं वागावं, याचे नियम मात्र आपल्याकडे फार पूर्वीच तयार होते. 1933 साली मुंबईहून कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा दिला तो अटींवर: एक वर्ष परीक्षेचं, आणि त्यांच्या असण्याने पुरुष संशोधकांचं चित्त विचलित होता कामा नये. चित्त पुरुषांचं, ते सांभाळायची जबाबदारी बाईंची! 1939 मध्ये बाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. यंदाच्या कागदात मला आवडलं ते एवढंच की नियम आता योग्य माणसांच्या हाती पडतोय.

पण ‘आदराने वागा’ म्हटलं की आपली माणसं प्रश्न विचारणंच बंद करतात, ही दुसरी आपत्ती. 1964 साली लंडनच्या रॉयल सोसायटीत फ्रेड हॉईल आपला आणि जयंत नारळीकरांचा नवा गुरुत्वाकर्षण सिद्धांत मांडत होते. बाविशीतला एक विद्यार्थी काठीच्या आधाराने उठला आणि म्हणाला, तुमची ही राशी अनंताकडे जाते. कशावरून, विचारल्यावर उत्तर आलं, मी गणित करून पाहिलंय. तो स्टीफन हॉकिंग. हॉईल भयंकर संतापले. आपल्याकडे असतं तर मुलाच्या मार्गदर्शकाला संध्याकाळीच फोन गेला असता. मला मात्र त्या सभागृहात हॉईल यांचा एवढा सत्कार दुसऱ्या कुणी केला असेल असं वाटत नाही. त्यांची समीकरणं कुणीतरी ओळीओळीने तपासली होती!

उद्धटपणा पाहायचा तर 11 जानेवारी 1935 ची रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची सभा पाहावी. चोवीस वर्षांच्या चंद्रशेखरांनी सांगितलं की ठरावीक मर्यादेपेक्षा जड तारा श्वेतबटू होऊन थांबू शकत नाही. नंतर ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन उठले आणि त्यांनी थट्टा केली. सभा हसली. चंद्रशेखरांना उत्तर द्यायचं होतं. अध्यक्षांनी संधीच दिली नाही. ताऱ्यांवरच्या कामासाठी चंद्रशेखरांना नोबेल मिळालं ते 1983 साली. एडिंग्टन विद्वान होते, सभ्य होते, आणि बहुधा त्यांनी कुणालाच मध्ये तोडलं नसेल. तेवढ्यापुरते कागदावरचे सगळे नियम पाळले गेले.

म्हणून त्या दोन पानांना माझी एक पुरवणी आहे. आधी निबंधवाचन, मग उद्घाटन. वेळ उरला तर पाहुण्यांचा परिचय. निरीक्षणं चहाच्या वेळी सांगावीत. प्रश्न कितीही कडक असू दे, विचारणाऱ्याने निबंध ऐकलेला असावा आणि उत्तराला प्रश्नाइतकाच वेळ मिळावा. आणि घंटा अध्यक्षांकडून काढून निबंध वाचणाऱ्याच्या हाती द्यावी. संयोजकांना मी तसं कळवलंय. त्यांचं उत्तर तत्काळ आलं: सूचना मौलिक आहे, त्याबद्दल उद्घाटन समारंभात आपला सत्कार करण्याचं ठरलं आहे.